बत्तीसचे चाळीस

ऑफिसात त्याला सगळे पारा म्हणत. नाव थट्टेतच पडलं होतं, कारण इतरांचा पारा चढायचा आणि याचा काही केल्या चढत नसे. साहेब टेबलावर हात आपटायचे, गिऱ्हाईक फोनवर ओरडून घसा बसवून घ्यायचं, आणि हा पाण्याचा घोट घेऊन विचारायचा, "कितव्या रांगेतलं?" दुसरं कारण साधं होतं. ती कंपनी लोकांचे सर्व्हर भाड्याने ठेवून सांभाळायची, आणि ते तापत नाहीत ना हे बघणं हे पाराचं काम होतं. काचेपलीकडे थंडगार खोली, खोलीत कपाटांच्या रांगा, प्रत्येक कपाटात सेन्सर. एखादं कपाट ठरवून दिलेल्या लिमिटच्या वर तापलं की पाराच्या फोनवर असा काही कर्कश आवाज व्हायचा की त्या आवाजाला सगळे टिटवीच म्हणायला लागले. "पारा, तुझी टिटवी!" हे वाक्य त्या मजल्यावर दिवसातून कितीदा तरी ऐकू यायचं.

पाराचा एक नियम होता आणि त्यावरून लोक त्याला पाठीमागे नावं ठेवत. टिटवी उगाच ओरडतेय असं कितीही वाटलं तरी खुर्चीत बसून लिमिट वाढवायचं नाही. आधी उठायचं, स्वेटर चढवायचा, त्या कपाटापर्यंत जायचं, हात लावून बघायचं. कारण सापडलं तर दूर करायचं. कारण खरंच नसलं, तर मग लिमिटचा आकडा बदलायचा.

शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना तुफान म्हणत. का, ते त्यांच्याकडे दोन मिनिटं बघितलं की कळे. एकदा तिसऱ्या रांगेतल्या एका कपाटाने सकाळपासून नुसता वात आणला होता.

"अरे, सेन्सर येडा झालाय," तुफान म्हणाली. "दोन डिग्री लिमिट वाढवते आणि विषय संपवते."

"आधी जाऊन ये."

"मशीन मस्त चाललंय. इथून दिसतंय मला."

"इथून मलाही दिसतंय. जाऊन ये."

ती बडबडत गेली आणि परत आली तेव्हा तिच्या काखेत एक भलामोठा पुठ्ठ्याचा खोका होता. कोणी तरी नवीन मशीन उघडून रिकामा खोका जमिनीतल्या जाळीवर ठेवून दिला होता, नेमका तिथे, जिथून थंड हवा वर येते. कपाट बिचारं गुदमरून ओरडत होतं.

"तुझं खरं झालं," तुफान म्हणाली. "आता लगेच तसं तोंड करू नकोस."

"कसं?"

"हेच. गुरुजीचं."

पारा हसला, पण मनातून सुखावला. माणूस आपल्या कामात एवढा चोख असला की त्याला वाटतं, आपण सगळीकडेच असे चोख आहोत. तसं नसतं.

त्याचे बाबा शहराच्या दुसऱ्या टोकाला, चार मजली इमारतीच्या वरच्या मजल्यावर एकटे राहत. आयुष्यभर बस चालवली होती. डोक्यामागे 'चालकाशी बोलू नये' अशी पाटी, आणि समोर रस्ता. बाबांनी ती पाटी इतकी मनावर घेतली होती की कामात असलेल्या कुठल्याही माणसाशी, मग तो पोस्टमन असो की नळ दुरुस्त करणारा, ते बोलत नसत. बोलायची सगळी हौस घरी भागायची, आईजवळ. आई गेली आणि बोलणं तुंबून राहिलं. समोरच्या दारात शिवणकाम करणाऱ्या काकू होत्या, पण मशीन चालू असलं की बाबा दारातूनच परत फिरत. काकू कामात आहेत ना!

सुरुवातीला ते पाराला ऑफिसात फोन करत. पारा म्हणायचा, "बाबा, मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो." आणि नंतर राहून जायचं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, तो खरंच विसरायचा. तीन-चारदा असं झालं आणि बाबांनी फोन करणं बंद केलं. त्यांनी तक्रार केली नाही. उलट ताईला, म्हणजे पाराच्या मोठ्या बहिणीला, ते कौतुकाने सांगायचे, "त्याच्यामागे फार काम असतं."

मागच्या उन्हाळ्यात घराची भट्टी झाली होती आणि बाबा सगळ्या खिडक्या लावून, पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून बसले होते. म्हातारपणी त्यांच्या अंगाला ऊन-थंडी कळेनाशी झाली होती. काकू उसवलेला शर्ट द्यायला आल्या तेव्हा बाबा खुर्चीत एका बाजूला कलंडलेले. काकूंनी पाणी पाजलं, ओला पंचा अंगावर टाकला, म्हणून त्या दिवशी निभावलं. ताई दुसऱ्या गावाहून फोनवर रडली. "एक तर तू त्यांना तुझ्याकडे ने, नाही तर मी येऊन घेऊन जाते." बाबा कुणाकडेच जायला तयार नव्हते. आपलं घर ते आपलं घर.

तेव्हा पाराने त्याला जे येत होतं ते केलं. ऑफिसात जुने सेन्सर काढून नवे बसवले होते. साहेबांना विचारून त्याने जुन्यातला एक घरी नेला. काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा, पांढरा. पलंगाशेजारच्या फळीवर तो ठेवला, घरातल्या इंटरनेटला जोडला, आणि लिमिट टाकलं बत्तीस.

ताई फोनवर म्हणाली, "बाबा काय कपाट आहेत का रे?"

"ताई, तू उगाच काहीतरी बोलू नकोस. याने कळतं तरी."

बाबांना मात्र तो डबा फार आवडला. त्यांनी चष्मा लावून तो उलटापालटा करून बघितला. "हे वाजतं कुठे?"

"इथे नाही वाजत, माझ्या फोनवर वाजतं. बत्तीसच्या वर गेलं की मला कळतं. मग मी तुम्हाला फोन करतो."

"कामात असलास तरी?"

"बाबा, तेच तर माझं काम आहे."

बाबांनी मान हलवली. उत्तर त्यांना पटलेलं दिसलं.

उन्हाळाभर ठीक चाललं. दुपारी टिटवी ओरडायची, पारा काचेजवळ जाऊन फोन लावायचा. "बाबा, खिडकी उघडा." "उघडली." "स्वेटर काढा." "काढला बाबा, काढला. तू माझा बाप आहेस की मी तुझा?" मग फोन लगेच ठेवला जायचा नाही. कठड्यावर येणाऱ्या मांजरीला पिल्लं झाली, बसचा जुना रस्ता बदलला आणि नवीन रस्त्यावर वळण कसं चुकीचं काढलंय, काकूंनी एका गिऱ्हाइकाला कसं झापलं, असं काहीबाही बाबा सांगायचे. पाराला ते आवडायचंही. एकीकडे डोळे पडद्यावर आणि एकीकडे कान बाबांकडे.

उन्हाळा संपला. पाऊस होऊन गेला, हवा थंड झाली, आणि टिटवी ओरडतच राहिली. रोज दुपारी, जेवणं झाल्यावर.

"बाबा, खिडकी उघडी आहे ना?"

"सताड उघडी आहे."

"मग इथे चौतीस कसं काय दाखवतंय?"

"दाखवत असेल. तू जेवलास का?"

रविवारी गेलो की बघू, असं पारा ठरवायचा. रविवारी बाबांकडे जेवण व्हायचं, डोळा लागायचा, उठून चहा घेतला की निघायची वेळ. आणि रविवारी सेन्सर कधी चढतच नसे. मग बघणार काय?

त्या दिवसांत ऑफिसात नवीन रांग उभी राहत होती. मशीनं जास्त, गारवा कमी, आणि टिटवी चहूकडून ओरडत होती. एका दुपारी बड्या गिऱ्हाइकाबरोबर बैठक चालू होती. साहेब मोठ्या ऐटीत सांगत होते की आमच्याकडे तापमानाची कशी कडेकोट व्यवस्था आहे, आणि तेवढ्यात पाराचा फोन ओरडला. गिऱ्हाईक दचकलं. "काय झालं? कुठे तापलं?" पाराने बघितलं, बाबांची खोली. साहेबांच्या कपाळावर आठ्या. तो म्हणाला, "काही नाही, आपल्याकडचं नाही."

बैठक संपल्यावर तो खुर्चीत बसला आणि त्याने बाबांच्या खोलीचा आलेख उघडला. रोज दुपारी रेघ भर्रकन वर जात होती, चौतीसच्या आसपास टेबलासारखी सपाट होत होती, अर्धा-पाऊण तास तशीच राहून हळूहळू खाली येत होती. हीच रेघ तुफानने आणली असती तर पाराने तिला उभ्या उभ्या विचारलं असतं, "ऊन असं सपाट राहतं का कधी? जाऊन ये." पण ती दमलेली दुपार होती, आणि बाबांच्या घरी जायला बस बदलून दीड तास लागायचा. त्याने स्वतःशी म्हटलं, या दिवसांत ऊन तिरकं येतं, फळीवर पडत असेल. काढला बत्तीस आणि टाकला चाळीस. चाळीसच्या वर गेलं तरच खरी काळजी. जाऊन न बघता, हात न लावता, त्याने आकडा बदलला, आणि हे करायला त्याला पाणी प्यायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नाही.

टिटवी गप्प झाली. त्याला बरं वाटलं. वाटलं नाही असं म्हणणं खोटं होईल.

आता रोज संध्याकाळी आपणहून फोन करायचा, असं त्याने ठरवलं होतं. आठवडाभर केलाही. मग एक दिवस राहिला, मग दोन दिवस राहिले, आणि असल्या गोष्टींचं जे होतं तेच झालं. रविवारच्या फेऱ्याही विरळ झाल्या. एका रविवारी तो बुटाची नाडी बांधत असताना बाबांनी विचारलं, "अरे, ते यंत्र नीट चालतंय ना?"

"हो, हो. चालतंय."

"एकदा बघतोस का?"

"बाबा, बस जाईल माझी. चांगलं आहे ते. बॅटरी नवीन घातलीय."

बाबा जिन्यापर्यंत आले. "सावकाश जा," म्हणाले.

काकूंचा फोन आला तो एका दुपारी, साध्या रिंगने. त्यांना धड बोलता येत नव्हतं. तो धावत निघाला. रुग्णालयात पोचला तेव्हा बाबांच्या नाकातोंडावर मास्क होता. डॉक्टर म्हणाल्या, हृदयाचा झटका, मोठा आहे. बाबांनी डोळे उघडून त्याला ओळखलं, एवढं नक्की. काही बोलले नाहीत. त्याने त्यांचा हात हातात धरून ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना तो हात गार पडला. पारा तिथे, सगळ्यांच्या देखत, मोठ्याने रडला. ज्या माणसाचा आवाज कधी चढला नव्हता त्याला आपला रडण्याचा आवाज ओळखू येईना.

पुढचे दिवस माणसांच्या वर्दळीत गेले. बसवाले जुने सोबती आले, प्रत्येकाने बाबांचा एकेक किस्सा सांगितला, आणि एकाही किश्श्यात बाबा गाडी चालवताना बोलले नव्हते. मग वर्दळ ओसरली. घरात पारा आणि ताई उरली. दोघं बाबांचे कपडे घडी करून पिशव्यांत भरत होती. ताईने तो पूर्ण बाह्यांचा स्वेटर हातात घेतला आणि कुठल्याच पिशवीत घातला नाही, मांडीवर ठेवून बसली.

दुपारी काकू आल्या. त्यांच्याकडे असलेली किल्ली परत द्यायची होती. किल्ली देऊनही त्या उठेनात. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"काकू, चहा टाकू?" ताईने विचारलं.

"नको गं. मला एक बोलायचंय. तुम्ही रागवाल माझ्यावर."

"तुमच्यावर कशाला रागवू? तुम्ही होतात म्हणून तर…"

"मी फोन करायला उशीर केला," काकू म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "त्या दिवशी जेवण झाल्यावर मी डोकावले, तर ते पलंगावर बसलेले. छातीत कसंतरी होतंय म्हणाले. मी म्हटलं, लावते मुलाला फोन. तर म्हणाले, नको, तो कामात असेल. मी हे धरलंय, कळेल त्याला."

"काय धरलंय?" पाराने विचारलं.

"ते रे, तुझं यंत्र." काकूंनी फळीकडे बोट दाखवलं. "रोजच घेऊन बसायचे ना. दुपारी जेवले की मुठीत धरायचे, असं, दोन्ही हातांत. मला पहिल्यांदा वाटलं, जप करतायत की काय! मी विचारलं तर हसले. म्हणाले, आपण फोन केला तर त्याच्या कामात खोळंबा होतो. पण हे गरम झालं की मला फोन करणं हेच त्याचं काम असतं. मग त्याचाही खोळंबा नाही आणि आपलंही बोलणं होतं. आणि खरंच तुझा फोन यायचा. इतके खूश व्हायचे! मला खुणेने सांगायचे, बघा, आला."

पाराने हातातली पिशवी खाली ठेवली.

"मग फोन यायचे बंद झाले. तरी ते धरून बसायचेच, आधीपेक्षा जास्त वेळ. हात दुखायचे त्यांचे. एकदा मी बोलून गेले, मुलगा विसरला वाटतं तुम्हाला. बाई गं, काय चिडले माझ्यावर! इतक्या वर्षांत कधी आवाज चढवला नव्हता. म्हणाले, यंत्र वाजलं आणि तो उठला नाही असं व्हायचंच नाही. सगळं ऑफिस त्याच्या भरवशावर आहे. हे यंत्रच बिघडलंय." काकूंनी डोळे पुसले. "तुला विचारलंही होतं म्हणे त्यांनी. तू चांगलं आहे म्हणालास. पण म्हणाले, घाईत होता बिचारा, त्यानं नीट बघितलं नाही."

ताई पाराकडे बघत होती. तिला अजून सगळं कळलं नव्हतं, पण काहीतरी येतंय हे कळलं होतं.

"त्या दिवशीपण मी त्यांचं ऐकलं," काकू म्हणाल्या. "म्हटलं, त्यांनी धरलंय तर येईल फोन आता. चांगली पंधरा-वीस मिनिटं आम्ही दोघं वाट बघत बसलो रे. मग म्हणाले, बिघडलंच आहे वाटतं, आणि आडवे झाले. तेव्हा मी धावले. मी आधीच लावायला हवा होता फोन. इतके दिवस झोप नाही मला. मी मनाची समजूत घालते की बिघडलं होतं, त्याला आपण काय करणार. बिघडलंच होतं ना रे ते?"

समोर काकूंचा चेहरा होता, रडून सुजलेला. 'हो' म्हटलं असतं तर तिथेच सगळं मिटलं असतं. काकूंना झोप लागली असती, ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला असता, आणि बाबांचा शब्दही खरा ठरला असता. पाराच्या मनात ते आलं. ओठांपर्यंत आलं. पण मग काकू जन्मभर त्या पंधरा-वीस मिनिटांचं ओझं घेऊन बसल्या असत्या, आणि ते ओझं त्यांचं नव्हतं.

"नाही, काकू," तो म्हणाला. "यंत्र चांगलं होतं. तुमची काही चूक नाही. मीच त्याला गप्प केलं होतं."

"म्हणजे?"

"त्यात एक आकडा असतो. त्याच्या वर गेलं तरच मला कळतं. आधी तो बत्तीस होता. सारखं वाजायला लागलं म्हणून मी चाळीस केला. इथे न येता केला. ऑफिसातून."

काकूंना नीट उमगलं नाही. त्या ताईकडे बघायला लागल्या. ताईने स्वेटर मांडीवरून उचलून बाजूला ठेवला. तिचा आवाज अगदी खाली गेला होता.

"आणि हातात धरल्यावर किती होतं?"

"चौतीस," तो म्हणाला. "फार फार तर पस्तीस."